‘गुप्तकालीन चतुरंग’ म्हणून सेट घेतला, डबा उघडला तर आत उंट! (नागपूर, महाल)

आधी रेटिंग सांगून टाकते कारण बरेच जण तेवढंच वाचतात. लाकूडकामाला पाचपैकी साडेचार, दुकानदाराच्या वागण्याला चार, सोबत मिळणाऱ्या पुस्तिकेला एक, आणि तो एक पण कागद चांगला आहे म्हणून. ज्यांना फक्त शोकेसमध्ये ठेवायला सेट पाहिजे त्यांनी बिनधास्त घ्या, पुढचं नाही वाचलं तरी चालेल. ज्यांच्या घरी प्रश्न विचारणारं पोट्टं आहे त्यांनी मात्र वाचा.

झालं असं की जुलै २०२५ मध्ये आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियात बटुमीला कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून विमेन्स वर्ल्ड कप काढला आणि त्याच झटक्यात ग्रँडमास्टर पण झाली, तेव्हापासून आमच्या लाइनीतली अर्धी पोट्टी बुद्धिबळाच्या क्लासला जाऊन राहिली, त्यात आमची पण आली. वय वर्षं दहा. ग्रँडमास्टर रौनक साधवानी पण नागपूरचाच हे तिला आता पाढ्यासारखं पाठ आहे. तर तिच्या वाढदिवसाला काहीतरी वेगळं द्यावं म्हणून मी महालात एका गल्लीतल्या लाकडी वस्तूंच्या दुकानात गेले (नाव देत नाही, माणूस भला आहे, उगाच त्याच्या पोटावर कशाला पाय), तिथे काचेच्या मागे हा सेट दिसला. डब्यावर सोनेरी अक्षरात ‘गुप्तकालीन चतुरंग, जसा होता तसा’. किंमत ३,२०० सांगितली, मी २,५०० म्हटलं, २,८५० ला तुटलं. जीपे चालतं. गाडी लावायला जागा नाही, दूर कुठंतरी लावून पायीच या.

आता वस्तू कशी आहे ते. काळ्या बाजूला शिसव, पांढऱ्या बाजूला कुठलंतरी फिकट लाकूड, ३२ मोहरे, राजा माझ्या करंगळीपेक्षा थोडा उंच. हत्तीवर अंबारी आहे आणि अंबारीत माहूत पण आहे, इतका बारीक की चष्मा लावून बघावा लागतो. घोडे तर विचारू नका, प्रत्येक घोड्याची मान वेगळी वळलेली, म्हणजे मशीनचं काम नाही. एका घोड्याचा कान डब्यातच तुटलेला निघाला, तो फेविक्विकने चिकटवला, त्याबद्दल तक्रार नाही. मोहऱ्यांच्या बुडाला फेल्ट नाही त्यामुळे टेबलावर खरखर आवाज येतो. पट कापडी आहे, गुंडाळून ठेवता येतो, सोबत दोन लांबट फासे आणि २४ पानांची रंगीत पुस्तिका.

पहिली ठेच पटावरच लागली. पट चौकटीचा, काळं-पांढरं, काळं-पांढरं. गुप्तकालीन म्हणता आणि चौकटीचा पट देता? आपल्याकडचा जुना पट म्हणजे अष्टापद, आठ गुणिले आठ, ६४ घरं पण सगळी एकाच रंगाची, नुसत्या रेघा, आणि काही ठराविक घरांवर फुल्या. हा पट बुद्धिबळाच्याही आधीचा. बौद्धांच्या ब्रह्मजाल सुत्तात बुद्ध कुठले कुठले खेळ खेळत नाहीत त्याची मोठी यादी आहे, त्यात आठ घरांच्या ओळीचा पट आणि दहा घरांच्या ओळीचा पट दोन्ही येतात. तेव्हा त्याच्यावर फासे टाकून सोंगट्या पळवायचे, म्हणजे आपल्या पचिशीसारखं काहीतरी. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की याच पटावर सोंगट्या पळवण्यापेक्षा फौजच उभी करू. फुल्या त्या जुन्या खेळातल्या, नव्या खेळात त्यांना काहीच काम नाही, तरी लोक शेकडो वर्षं काढत राहिले. आमच्या बाबांकडे आजोबांचा एक भरतकाम केलेला पट होता त्याच्यावर पण फुल्या होत्या, आणि त्या कशाला असतात हे आजोबांना पण माहीत नव्हतं. दोन रंगांची घरं ही युरोपातली सोय. स्वित्झर्लंडमधल्या आइनसीडेलन मठात साधारण इसवी सन १००० च्या सुमाराची एक लॅटिन कविता जपलेली आहे, तिच्यात दोन रंगांच्या पटाचा उल्लेख येतो, आणि वजिराच्या जागी राणी पण तिथेच पहिल्यांदा दिसते. तर हा पट गुप्तकालीन नाही, युरोपियन आहे. एक पॉइंट कट.

हे मी सोडून दिलं असतं, खरंच. पण मग मोहरे मांडायला घेतले. राजा, त्याच्या बाजूला मंत्री, कोपऱ्यात हत्ती, मग घोडा, आणि घोड्याच्या बाजूला... उंट. चांगला मान वर केलेला, कुबड असलेला, झूल घातलेला उंट.

पोरगी म्हणे, “आई, चतुरंग म्हणजे चार अंगं ना? हत्ती, घोडे, रथ, पायदळ. मग रथ कुठंय?”

चौथीतलं पोट्टं बोललं ते. चतुरंग हा शब्दच मुळात सैन्याचा आहे, महाभारतात जागोजागी चतुरंग सेना येते ती हीच, त्याचा खेळाशी संबंध नाही. खेळाला नाव पडलं सैन्यावरून. त्या चार अंगात उंट कुठंच बसत नाही, आणि जो रथ बसतो तो या सेटमध्ये नाहीच. म्हणजे ‘जसा होता तसा’ मधलं चतुर्थांश सैन्यच बाद!

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर डबा घेऊन गेले दुकानात. काउंटरवरचे काका चहा पिऊन राहिले होते, मला पण मागवला (म्हणून वागणुकीला चार). मी म्हटलं, काका, यात रथ नाही. ते म्हणाले, “ताई, रथ बनवाले लय मेहनत लागते, त्याची चाकं नाजूक, तुटते, मग गिऱ्हाईक परत आणते. उंट कसा, एकदम मजबूत. अन् बुद्धिबळात उंटच असते ना?”

आता यात काकांची अर्धी चूक आहे आणि अर्धी हजार वर्षांची. आज आपण मराठीत जे खेळतो त्यात कोपऱ्यातला सरळ चालणारा तो हत्ती आणि तिरका चालणारा तो उंट, हे बरोबर. पण हे मोहरे मूळचे तिथले नाहीत. जुना हिशोब असा: कोपऱ्यात रथ, सरळ धावणारा, म्हणजे आजच्या हत्तीचीच चाल. आज जिथे उंट उभा करतो तिथे हत्ती. खेळ इराणात गेला तेव्हा हत्तीला ते पील म्हणायचे, अरबीत ‘प’ नाही म्हणून फील झाला, अल लागून अल-फील, आणि आजही स्पेनमध्ये तिरक्या मोहऱ्याला अल्फिल म्हणतात, त्याचा अर्थ हत्ती हे बहुतेकांना ठाऊक नसताना. रशियन लोक तर अजून सरळ ‘स्लोन’ म्हणतात, स्लोन म्हणजे हत्ती. बंगालमध्ये पण तिरका तो गजच, आणि कोपऱ्यात त्यांची नौका, बंगालच तो, रथापेक्षा नाव कामाची. आपल्याकडे मात्र हत्ती सरकून कोपऱ्यात गेला, रथ बेपत्ता झाला आणि रिकाम्या जागेवर उंट येऊन बसला. ही सरकासरकी जुनी आहे बरं, नवव्या शतकात अल-अदली नावाचा बगदादचा एक तगडा खेळाडू होऊन गेला, त्याने तेव्हाच लिहून ठेवलंय की हिंदुस्थानातले लोक हत्ती कोपऱ्यात ठेवतात.

हे सगळं मी काकांना सांगितलं नाही, त्यांना गिऱ्हाईक होतं. मी एवढंच म्हटलं की चार रथ करून द्या, वरचे पैसे देते. ४०० रुपये जास्तीचे ठरले.

रथ येईस्तोवर पंधरा दिवस लागणार होते, त्या पंधरा दिवसांत मी पुस्तिका वाचली. इथे माझं डोकं सटकलं.

पान एक: ‘बुद्धिबळ ५,००० वर्षे जुने असून मोहेंजोदडो येथे सापडले आहे.’ मोहेंजोदडोला फासे सापडलेत, छोट्या सोंगट्या सापडल्यात, ते खरंय, पण फासा सापडला म्हणून बुद्धिबळ सापडलं म्हणायचं म्हणजे ठेचा दिसला म्हणून सावजी झाली म्हणण्यासारखं आहे. पान दोन: मंदोदरीने रावणासाठी शोधला. ही गोष्ट १७९० मध्ये विल्यम जोन्स नावाच्या इंग्रज अभ्यासकाने पंडितांकडून ऐकून लिहिली, की लंकेला रामाचा वेढा पडलेला असताना राणीने नवऱ्याचं मन रमवायला हा खेळ काढला. गोष्ट म्हणून झकास, मला तर मंदोदरीबद्दल फारच वाटतं, बाहेर वानरसेना आणि ही आत पट मांडून बसलेली. पण ती गोष्ट आहे, पुस्तिकेत ती ‘इतिहास’ या मथळ्याखाली छापलीय. पान तीनवर शकुनी पण आहे. शकुनी द्यूत खेळला, फाशांचं, हे तर टीव्हीवर बघितलेल्या पोराला पण माहीत असतं.

आणि जे खरं आहे, सापडलेलं आहे, ते २४ पानांत कुठंच नाही! बाणभट्टाचं नाव नाही, सांगा आता. हर्षवर्धन ६०६ ते ६४७ या काळात राज्य करत होता, बाण त्याच्या पदरी. हर्षचरितात तो राज्य किती शांत आहे ते सांगताना श्लेष करतो, म्हणजे एका शब्दात दोन अर्थ, की या राजाच्या राज्यात चतुरंगाची रचना होते ती फक्त अष्टापदांवर. सैन्य कुठं उभं राहतं तर पटावर, बाकी सगळीकडे शांतता. आता बघा, हा विनोद कळायला वाचणाऱ्याला आधीच माहीत पाहिजे ना की अष्टापदावर चतुरंग नावाचा खेळ मांडतात. म्हणजे सातव्या शतकाच्या पूर्वार्धात तो उत्तरेत इतका मुरलेला होता की त्याच्यावर कोटी करता येत होती. मला हा पुरावा फार आवडतो, कुणी ‘खेळ शोधला हो’ म्हणून दवंडी नाही पिटली, एका माणसाने जाता जाता कोटी केली आणि ती टिकली.

आणि साधारण त्याच काळातल्या सुबंधू नावाच्या लेखकाच्या ‘वासवदत्ता’ या संस्कृत कथेत पावसाळ्याचं वर्णन आहे, त्यात बेडूक येतात. पिवळे-हिरवे बेडूक काळ्या वाफ्यांच्या घरांतून उड्या मारतायत आणि जणू पावसाळाच त्यांच्या सोंगट्या करून खेळ मांडून बसलाय, असं. हे मी वाचलं त्या दिवशी आमच्या मागच्या प्लॉटमध्ये दोन दिवसांच्या झडीने तळं झालेलं आणि बेडकांनी नुसता उच्छाद मांडलेला, रात्रभर झोप नाही, पोरगी खिडकीतून बघून म्हणे, तो पिवळावाला घोड्याची चाल खेळून राहिला. सुबंधूच्या डोक्यात कुठला पटखेळ होता त्याच्यावर जाणकार वाद घालतात म्हणे, घालू द्या, पुस्तिकेत मोहेंजोदडोपेक्षा हे बेडूक छापले असते तर मुलांनी दहादा वाचलं असतं.

आपल्या बाजूचं पण आहे की. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, त्याच्या मानसोल्लासात राजाने करमणूक कशी करावी याची प्रकरणंच्या प्रकरणं आहेत, खाणंपिणं, शिकार, कुस्त्या, आणि त्यात बुद्धिबळ पण आहे सविस्तर. पुढे सतराव्या शतकात काशीच्या नीलकंठ भट्टाने, मूळ घराणं पैठणचं बरं का, राजनीतीवर लिहिताना या खेळाची माहिती दिली. पैठण आणि कल्याणी सोडून पुस्तिकावाला गेला कुठं तर मोहेंजोदडोला.

इराणची गोष्ट पुस्तिकेत आहे, पण अर्धी. हिंदुस्थानच्या देवसारम नावाच्या राजाने इराणच्या खुसरो पहिल्याला (तो ५३१ ते ५७९ गादीवर होता) पट पाठवला, १६ मोहरे पाचूचे आणि १६ माणकांचे, आणि निरोप दिला की हा खेळ काय आहे ते ओळखा, नाही जमलं तर खंडणी पाठवा. इथपर्यंत पुस्तिकेत आहे आणि पुढे लिहिलंय ‘अशा प्रकारे भारताने जगाला बुद्धिमत्ता शिकवली’. अहो पुढचं कुठंय? पुढे खुसरोचा वजीर बुजुर्गमेहर तो खेळ सोडवतो, हिंदुस्थानच्या दूताला त्याच्याच खेळात हरवतो, वरून नर्द नावाचा फाशांचा खेळ स्वतः तयार करून इकडे पाठवतो, आणि आपल्याकडच्या पंडितांना तो काही उलगडत नाही! गोष्ट पहलवी म्हणजे जुन्या इराणी भाषेत इराण्यांनीच लिहिलीय म्हटल्यावर जिंकणार इराणीच, त्यात रुसायचं काय. उलट माझ्या मते हीच सगळ्यात मोठी साक्ष आहे, कारण एवढी फुशारकी मारताना पण त्यांनी बुद्धिबळ आपलं म्हणून नाही सांगितलं, हिंदुस्थानातून आलं म्हणूनच सांगितलं. नाव पण ठेवलं चतरंग. मग सातव्या शतकात अरबांनी इराण घेतला, त्यांच्या भाषेत ना ‘च’ ना ‘ग’, म्हणून चतरंगचं शतरंज झालं.

आणि मोहऱ्यांचा पुरावा पाहिजे तर तो समरकंदला. १९७७ मध्ये तिथल्या अफ्रासियाब टेकाडावर हस्तिदंताचे सात छोटे मोहरे सापडले, आठव्या शतकाच्या आसपासचे, ज्यांना ठामपणे बुद्धिबळाचे म्हणता येतं त्यातले सगळ्यात जुने. माणसं आहेत, घोडे आहेत, हत्ती आहे. रथ पण आहे! हे मी मोबाइलवर फोटो काढून काकांना दाखवलं दुसऱ्या फेरीत. ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, “चाकं नाही तुटली अजून.”

आता फाशांचं. सेटमध्ये दोन फासे दिलेत आणि पुस्तिका म्हणते की फासा टाकून कुठला मोहरा हलवायचा ते ठरवा. हा वेगळा खेळ आहे. फाशांवरचा चार जणांचा खेळ होता, चार कोपऱ्यात चार राजे, प्रत्येकाकडे आठ-आठ मोहरे, अल-बिरूनी नावाच्या विद्वानाने साधारण १०३० मध्ये हिंदुस्थानावर लिहिलं त्यात तो येतो. इंग्रजांच्या काळात काही जणांना वाटलं हाच मूळ खेळ असणार, चार अंगं म्हणजे चार खेळाडू वगैरे, पण १९१३ मध्ये मरे नावाच्या इतिहासकाराने बुद्धिबळाचा जाडजूड इतिहास लिहिला त्यात ही समजूत खोडून काढली. तर दुकानवाल्यांनी दोन जणांच्या पटात चार जणांचे फासे टाकले, वर युरोपचा पट आणि राजस्थानचा उंट. मिसळ झाली आणि तर्री वेगळी.

याच अल-बिरूनीने हत्तीची एक चाल सांगितलीय ती आम्ही घरी खेळून बघितली आणि मजा आली. हत्ती चार तिरक्या घरांत जातो, एक-एक घर, आणि एक घर सरळ पुढे. चार पाय आणि एक सोंड! थायलंडच्या बुद्धिबळात, मकरुकमध्ये, तिरक्याच्या जागेवरचा मोहरा आणि जपानच्या बुद्धिबळात, शोगीत, ‘चांदीचा सेनापती’ नावाचा मोहरा अजून हुबेहूब हीच चाल चालतात. म्हणजे इराणकडे गेलेल्या हत्तीने एक चाल धरली आणि पूर्वेकडे गेलेल्याने दुसरी.

इराण-अरबांकडचा हत्ती तिरका दोन घरं उडी मारतो, मधलं घर ओलांडून. पुस्तिकेत नियम हाच दिलाय, तो बरोबर आहे, म्हणून आम्ही तसे पण दहा-बारा डाव खेळलो. तिसऱ्याच डावात पोरगी म्हणाली, आई, माझा हत्ती तुझ्या हत्तीला कधी मारूच शकत नाही. मी म्हटलं असं कसं. मग तिने पेन्सिलने कागदावर काढून दाखवलं, एका हत्तीला जन्मभरात ६४ पैकी फक्त ८ घरं मिळतात, आणि चारही हत्तींची आठ-आठ घरं एकदम वेगवेगळी, एकाचं पाऊल दुसऱ्याच्या घरात पडतच नाही. मी गप्प. त्या दिवशी २,८५० वसूल झाले समजा.

बाकी खेळ सुरुवातीला फार सुस्त आहे हे सांगायला पाहिजे. मंत्री फक्त एक घर तिरका (रहीमचा दोहा आठवा, प्यादा फरजी म्हणजे मंत्री झाला की तिरका तिरका चालतो, तो हाच), प्यादं पहिल्या चालीत पण एकच घर, कॅसलिंग (राजा आणि कोपऱ्यातला मोहरा एकाच चालीत हलवणं) नाही. फौजा एकमेकींना भिडेपर्यंत चहा होऊन जातो. अरबांनी यावर उपाय काढलेला, ताबिया, म्हणजे आधीच ठरवलेल्या रचना, दोघांनी आपापल्या मांडायच्या आणि मग खऱ्या मारामारीला सुरुवात. त्यांच्यातला अस-सूली इतका भारी होता की त्याने दहाव्या शतकात मांडलेला एक डाव हजार वर्षं कुणाला सुटला नाही, १९८० च्या दशकात रशियाच्या आव्हरबाख या ग्रँडमास्टरने सोडवला. आजचा सुसाट वजीर हा पंधराव्या शतकाच्या शेवटाकडे स्पेन-इटलीकडून आला. क्लासमध्ये शिकणाऱ्या पोरांना हा संथपणा बोअर होऊ शकतो, आमच्या शेजारचा पोट्टा दोन डावांत उठून गेला.

बाबांना मात्र हा खेळ पहिल्या मिनिटापासून जमला, कारण ते देशी पद्धतीनेच खेळत मोठे झाले. त्यांच्या पद्धतीत राजाला शह बसायच्या आधी एकदा घोड्याची अडीच घरं चालता येते. पोरगी म्हणे हे चीटिंग आहे. बाबा म्हणे, “तुझा तो कॅसलिंग का आहे मग?” यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. आणि शह, मात, वजीर, प्यादं हे सगळे शब्द फारसीतून परत आलेले, शाह म्हणजे राजा, शाह मात म्हणजे राजा अडकला. खेळ इथून गेला आणि शब्द तिकडून आले, नाव तेवढं आपण आपलं ठेवलं, बुद्धिबळ.

पान १९ वर गव्हाचे दाणे आहेत, पहिल्या घरात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ती गोष्ट. एकूण दाणे म्हणे ‘६४ लाख’. कुणी मोजले भाऊ? नवरा अकाउंट्समध्ये आहे, त्याने जेवता जेवता एक्सेल उघडलं. खरा आकडा १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. दाणा ४० मिलिग्रॅमचा धरला तर पटाच्या अर्ध्यापर्यंत, ३२ घरांचे मिळून, १७२ टन होतात, म्हणजे कळमना मार्केटला एका सकाळी उतरेल एवढा माल, राजा हसत हसत देईल. खरी वाट लागते ती पुढच्या अर्ध्यात. पूर्ण ६४ घरांना आजचं सगळ्या जगाचं गव्हाचं पीक नऊशेच्या वर वर्षं ओतत राहावं लागेल. ६४ लाख दाणे म्हणजे जेमतेम अडीच क्विंटल, तेवढ्यावर कुठला पंडित खूश होतो.

शेवटी रथ आले. पंधरा दिवसांचे पंचवीस झाले पण आले, आणि सुरेख आले. काकांनी ते करून घेतले तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी बनवणाऱ्या कारागिराकडून, आणि ते दिसतंच. नंदीच्या पाटाला असतात ना तशीच चार-चार चाकं, खरीखुरी फिरणारी, वर छत्री, पुढे दोन बोटभर घोडे. ढकलला की पटावर गडगडत जातो, आणि रथ सरळच का जातो हे समजवायची गरजच पडत नाही. चारशे रुपयांत यापेक्षा जास्त काय पाहिजे. उंट काकांनी परत घेतले नाहीत, म्हणाले राहू द्या पोरीला खेळाले, ते आता फ्रीजवर ओळीने उभे आहेत.

घेणाऱ्यांनी काय करायचं तर सेट घ्या पण रथ मागून घ्या, काका आता नाही म्हणणार नाहीत, मला तर म्हणाले पुढच्या लॉटमध्ये रथच टाकतो. कापडी पट उलटा करा, मागची बाजू कोरी आहे, पट्टी घेऊन स्केचपेनने रेघा मारा, झालं अष्टापद, फुल्या मारायच्या का नाही तुमची मर्जी. फासे लुडोत टाका. बुडाला फेल्टचे गोल चिकटवा, स्टेशनरीवाल्याकडे मिळतात. पुस्तिकेची चित्रं चांगली आहेत, कापून वहीला कव्हर घालता येईल.

एक राहिलं. चौथ्या दिवशी बाबा आणि पोरगी खेळत असताना काळ्या रथाचं मागचं चाक निघालं आणि सोफ्याखाली गेलं ते गेलंच. बाबा म्हणाले, कर्णाचा रथ आहे, चालणार नाही आता, डाव माझा. त्यावर दोघांचं इतकं वाजलं की मला गॅस बंद करून यावं लागलं. काकांना फोन केला तर म्हणाले, ताई, चाक देतो फुकटात, पण कारागीर आता नंदीच्या कामात बुडला आहे, तान्हा पोळा झाल्याशिवाय काही हाती लागायचं नाही. तोवर त्या कोपऱ्यात ईनोच्या बाटलीचं झाकण रथ म्हणून उभं आहे.